रागाचा रिपोर्ट

मधुमेह झाला की साखर सुटते, ते एक वेळ चालतं. माझा तर रागावण्याचा हक्कच गेला.

पूर्वी मी चिडलो की घरात त्याची दखल घेतली जायची. लेक उलट बोलायची, बायको अबोला धरायची. थोडक्यात, मान होता. आता ‘गीझर चालू ठेवून कोण गेलं?’ एवढं जरी वरच्या पट्टीत विचारलं, तरी लेक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणते, “बाबा, शुगर वाढलीय का?” त्यावर स्वयंपाकघरातून हिचा आवाज : “वाढली नसेल गं, उतरली असेल. जेवायला उशीर झालाय ना त्यांना.” मग वाढली की उतरली, यावर दोघींचा परिसंवाद रंगतो. गीझर चालूच.

बरं, शास्त्रही त्यांच्याच बाजूचं. माझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ती घेऊन जेवण लांबलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. मग घाम फुटतो, हात थरथरतात आणि माणूस विनाकारण चिडतो. हे डॉक्टरांनी हिच्यासमोर सांगितलं! मला एकट्याला सांगितलं असतं, तर मी कुठे फुटू दिलं नसतं. चिडल्यावर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, असंही ते म्हणाले. म्हणजे उतरली म्हणून चिडा आणि चिडलात म्हणून चढवा. “तेव्हा टेन्शन घ्यायचं नाही,” हे त्यांनी इतकं दरडावून सांगितलं, की मला तिथेच टेन्शन आलं. हिने मात्र त्या सगळ्यातून ‘विनाकारण’ हा एकच शब्द निवडून घरी आणला.

आठवड्याला १५० मिनिटं चालायचं म्हणून सकाळी तळजाई टेकडीवर जातो. हवा छान, झाडी छान, माणसं सल्ला देणारी. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी, सगळं ऐकून घेतो. पण परवा एक गृहस्थ म्हणाले, “गूळ बिनधास्त खा, नैसर्गिक असतो.” गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच, ऊसही नैसर्गिकच, असं मी जरा ठासून सांगितलं. त्यांनी शेजारच्याकडे पाहून मान हलवली. “बघा, या आजारात चिडचिड होते.”

तेव्हापासून ग्लुकोमीटर खिशात असतो. भांडायच्या आधी बोट टोचायचं (टोकाला नाही, कडेला, कमी दुखतं) आणि आकडा समोरच्याला दाखवायचा. ११२! हा राग अस्सल आहे, आता मुद्द्यावर बोला. अडचण एकच, मीटरला दर वेळी नवी स्ट्रिप लागते आणि ती महाग. त्यामुळे ओला टॉवेल, टीव्हीचा आवाज, मिसळीत बटाटा असले किरकोळ राग परवडत नाहीत, सोडून द्यावे लागतात. डॉक्टर म्हणतात, तुम्ही हल्ली बरेच शांत झालात. ध्यान करता का? मी हो म्हणतो.

राखून ठेवलेली स्ट्रिप रविवारी सोसायटीच्या सभेत कामी आली. सभा अकराची, दीड वाजला तरी चालूच. टँकरचं बिल दुप्पट कसं, असं मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, “काकांना आधी बिस्किट द्या.” हशा. मी तिथेच बोट टोचलं. ११८. मीटर सभेत फिरवला. “साखर ठीक आहे. बिल दाखवा.”

सेक्रेटरी भडकले. टेबलावर हात आपटला, कपाळावर घाम, आवाज कापरा. ते इन्शुलिन घेतात, हे मला ठाऊक होतं. नवी सुई, नवी स्ट्रिप, दोन्ही माझ्या खर्चाने. ६१!

सभा तहकूब. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली आणि नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं अख्खी सोसायटी त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. पुन्हा तपासली. ९४. घरून पोळी-भाजी आली. दोन घास खाऊन सेक्रेटरी एकदम प्रसन्न झाले.

“हं, आता टँकरचं बिल,” मी म्हणालो.

“ते फाइलला लावायचं राहिलंय, काका,” ते अत्यंत गोड आवाजात म्हणाले.

तीन स्ट्रिप गेल्या. पावती जोडून सोसायटीकडे अर्ज केला आहे. त्यावर पुढच्या सभेत चर्चा होईल, असं कळतं.