मूठभर मायक्रोग्रीन्सवरून कट्टा तापला

काल रात्री कट्ट्यावर मी सहज बोललो की महिनाभर रोज जेवणात मूठभर मायक्रोग्रीन्स, म्हणजे भाज्यांची एक-दोन आठवड्यांची कोवळी रोपं, घेतोय, झालं, जिमवाल्याने लगेच मोबाईल काढला, भावा यात मोठ्या भाजीच्या 40 पट व्हिटॅमिन असतात, म्हणजे भाजी बंद आणि फक्त हेच खायचं. त्यावर आमचा अकाउंटंट भडकला, म्हणे चार काड्या चघळून काय होतंय, सगळं मार्केटिंग आहे.

मला दोघांचंही पटलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलं. 2012 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आणि मेरीलँड विद्यापीठाच्या लोकांनी 25 प्रकार तपासले होते, तिथूनच तो 40 चा आकडा फिरतोय, पण ते अगदी टोकाचं झालं, सरसकट तसं नाही. लाल कोबीच्या रोपांत 100 ग्रॅमला 147 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि यादीत सगळ्यात खाली होतं त्यात जेमतेम 20, म्हणजे कुठलं बी लावलंय त्यावर सगळं आहे.

"पण 100 ग्रॅम खातंय कोण?" अकाउंटंट. मग म्हटलं तूच कर हिशोब. मूठ म्हणजे 10 ग्रॅम धरली तर लाल कोबीचे 15 मिलिग्रॅम होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 45 सांगते. एका मुठीत तिसरा हिस्सा! तो जरा नरमला. भाजी मात्र सोडायची नाहीच, पोटाला लागणारा चोथा एवढ्याशा मुठीतून येत नाही, हे जिमवाल्याला तीनदा सांगावं लागलं.

तो तर उकळत्या सूपमध्ये टाकून शिजवतो म्हणे, अरे मग व्हिटॅमिन सी राहणार कुठे, ते उष्णतेने जातं. ताट वाढलं की वरून कच्चंच टाकायचं, आणि जेवणात थोडं तेल किंवा लोणी असलं तर अजून चांगलं कारण कॅरोटिन आणि व्हिटॅमिन के अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. व्हिटॅमिन के वरून आठवलं, एकाच्या वडिलांना रक्त पातळ राहायला वॉरफरिन चालू आहे, त्याला मी स्पष्ट सांगितलं की त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण व्हिटॅमिन के अचानक वाढलं की त्या गोळीचा असर कमी होतो.

मग कोणीतरी म्हणालं की हे मोड आलेल्या कडधान्यासारखंच ना. नाही रे! मोड दमट आणि बंद जागेत येतात आणि आपण बी-मुळासकट खातो, आणि तसल्या जागेत जंतूही जोरात वाढतात, 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय पसरला आणि 50 च्या वर माणसं गेली. मायक्रोग्रीन्स उजेडात, हवेशीर वाढतात, साधारण 7 ते 14 दिवसांनी पहिली दोन पानं पूर्ण उघडली की कात्रीने वरून कापायची, मूळ तिथंच राहतं. तरी पाणी चांगलं हवं, कापल्यावर धुवायचं, औषध लावलेलं पेरणीचं बियाणं घ्यायचं नाही. आणि टोमॅटो, वांगी, बटाटा यांची कोवळी रोपं अजिबात खायची नाहीत, ती विषारी असतात.

एवढा वेळ गप्प बसलेला एकजण शेवटी बोलला, मी मुळ्याचं बी लावलेलं पण चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आली म्हणून अख्खा ट्रे फेकला. मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या ट्रेमध्येही चौथ्या दिवशी प्रत्येक मुळाभोवती असाच पांढरा कापूस दिसला होता आणि पाण्याचा फवारा मारल्याबरोबर तो मुळाला चिकटून दिसेनासा झाला. ती मुळांची लव असते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर पसरते, फवाऱ्याने जात नाही आणि कुबट वास येतो. त्याचा ट्रे बहुतेक चांगलाच होता. माझ्याकडे मुळ्याचं बी उरलंय, उद्या घेऊन जातोय त्याच्याकडे, परत लावू म्हटलं.