आपत्ती व्यवस्थापक व्हा, कोरडे राहा

आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला तुमचं नाव गेलंय? अभिनंदन. कार्यालयाचं तुमच्यावाचून काही अडत नाही, हे साहेबांनी लेखी कळवलं आहे.

पहिलं सत्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, एवढंच लक्षात ठेवा. म्हणजे आपण नव्हे. पुढे घटना प्रतिसाद प्रणाली, म्हणजे आपत्तीत कुणी काय करायचं याची रचना, येईल. तिच्यात प्रत्येकाने एकाच वरिष्ठाचं ऐकायचं असतं. इथे हसू नका.

व्याख्याते जपानच्या भूकंपाच्या स्लाइड दाखवतील. तेव्हा हात वर करून ‘सर, सरदार चौक?’ असं विचारू नका. नाशिकच्या २००३ च्या कुंभात, २७ ऑगस्टला, तिथल्या चेंगराचेंगरीत ३० हून अधिक भाविक गेले. पण स्लाइड आधीच तयार असतात. २१ एप्रिल २०२१ ला याच शहरात ऑक्सिजनची टाकी गळली, रुग्णांचा पुरवठा तुटला. तोही विषय नको. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायची किल्ली कुणाकडे असते, असं विचारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

खरी मजा मॉक ड्रिलची. तारीख आठवडाभर आधी कळते. रुग्णवाहिका अर्धा तास आधीपासून कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवून उभी. ‘जखमी’ म्हणून एनएसएसची पोरं. त्यातलं एखादं बेशुद्धावस्थेत रील बघत असतं, त्याला ओरडा. साहेब यायचे असल्यास भूकंप तासभर लांबतो. ते आले की भोंगा, स्ट्रेचर, फोटो. मग अहवालात लिहा: प्रतिसाद वेळ ४ मिनिटे.

पुराच्या सत्रात गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्येच सांगा. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी की छातीला, यावर सराफ बाजारातला दुकानदार माल वर हलवतो. त्याला कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं नोंदवता येत नाही. गोदाकाठच्या पुजाऱ्यांचंही तेच.

शेवटी प्रमाणपत्र आणि पिशवी मिळते. पिशवी बरी असते. हे सगळं डोक्यात पक्कं बसायच्या आत बदलीचा अर्ज टाका, कारण सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि शिकलेल्या माणसालाच घाटावर उभं करतात. नव्या जिल्ह्यात प्रमाणपत्र दाखवा, ‘मास्टर ट्रेनर’ म्हणून घेतील. गोदावरीच्या पुरावर बिनधास्त बोला. तिथे प्रश्न विचारायला एकही नाशिककर नसेल.