‘72 च्या वर म्हणजे आजारी’? जरा थांबा

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: बॅरेट चाचणीची (उतावीळपणा मोजणारी प्रश्नावली) 30 विधानं भरा, 72 च्या वर गुण आले की मानसिक आजार पक्का, मोबाइलवरच्या ‘थांबा’ खेळाने खात्री करा, हा आकडा जन्मभर बदलत नाही.

‘72 म्हणजे आजार’: साफ चूक. 1995 ची ही प्रश्नावली 30 ते 120 या पट्टीवर उतावीळपणा मोजते, निदान करत नाही. बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होणारा आजार), एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा), व्यसन, सगळ्यांत गुण चढू शकतात. धडधाकट माणसाचेही चढतात. त्यात घरी केलेली बेरीजच फसते. 11 विधानं उलटी आहेत, ‘मी बेत आखून काम करतो’ या छापाची. तिथे ‘नेहमी’ला 4 नाही, 1 गुण. फॉरवर्डमध्ये ही उलटापालट गायब! समजा, उरलेल्या 19 विधानांना कुणी ‘कधीकधी’ (2 गुण) आणि या 11 ना ‘नेहमी’ म्हटलं. खरी बेरीज 38 + 11 = 49. फॉरवर्डप्रमाणे 38 + 44 = 82. शिस्तीचा माणूस एका झटक्यात ‘आजारी’.

घर बदलण्याबद्दलही एक विधान आहे. इंदूरच्या रामबागेतला भाडेकरू 11 महिन्यांचा करार संपला म्हणून सामान हलवतो. त्यात उतावीळपणा कुठला?

‘खेळाने खात्री होते’: खेळ वेगळीच गोष्ट मोजतो. बाण दिसला की बटण दाबायचं, साधारण चौथ्या हिश्श्याच्या वेळा मध्येच ‘थांबा’ची खूण येते. थांबता आलं तर पुढची खूण 50 मिलिसेकंद उशिरा, नाही तर तितकीच लवकर. गोची अशी की खेळणारा खुणेची वाट बघत मुद्दाम रेंगाळतो, मग थांबण्याच्या वेगाचा आलेला आकडा भरवशाचा राहत नाही. झोपेच्या गोळीनेही हात मंदावतो. सवयी विचारणारी प्रश्नावली आणि क्षणभराचा ब्रेक मोजणारा खेळ यांचे निकाल एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, ते यामुळेच.

‘आकडा बदलत नाही’: स्वभावाचा भाग टिकतो, पण उन्मादाच्या झटक्यात (बायपोलरमधला मूड टोकाचा चढलेला काळ) उतावीळपणा उसळतो. शिवाय तेव्हा माणसाला स्वतःत काही वावगं दिसतच नाही, म्हणून फॉर्मवर गुण कमीही येऊ शकतात. त्यामुळे फॉर्मवर तारीख, चालू औषधं आणि आदल्या रात्रीची झोप लिहावी, घरच्या एका माणसाला वेगळं विचारावं, आणि झटका ओसरल्यावर तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यावा.