शाळा समितीवर नव्याने आलेल्यांसाठी

अभिनंदन! आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, शाळेच्या समितीवर तुमची वर्णी लागली. आता रविवारच्या मिस्सानंतर लोक चर्चच्या पायऱ्यांवर तुम्हाला गाठतील, ‘आमच्या नातवाचं तेवढं बघा’ म्हणतील. नातू चुणचुणीत आणि बाप मर्चंट नेव्हीत असेल तर बघाच. बाकीच्यांसाठी थोडी तयारी लागते.

गरिबांबद्दल वाईट शब्द काढू नका. आपला सगळा डोलारा त्यांच्यावरच तर उभा आहे. संत जोसेफ कालासान्झ या धर्मगुरूने 1597 साली रोममध्ये फुकट शाळा काढली, ती गरिबांच्या पोरांसाठी. संत डॉन बॉस्कोने इटलीतल्या तुरीनमध्ये गोळा केली ती रस्त्यावरची, कामधंद्यासाठी शहरात आलेली मुलं. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात बजावलंय, की पैशाने गरीब, घरचा आधार नसलेली आणि आपल्या श्रद्धेची नसलेली, अशा मुलांची काळजी आधी घ्या. हे सारं वार्षिक अंकात छापा. गुळगुळीत कागदावर छापा, आणि अंकाचे पैसे सगळ्यांकडून घ्या.

फीला हात लावू नका. अनुदानित तुकड्यांत शिक्षकांचा पगार सरकार देतं, तिथं वाढवायला फारसं निमित्तही नाही. वाढवायचं ते फीच्या आजूबाजूचं: इमारत निधी, स्मार्ट बोर्ड, गॅदरिंगचा पोशाख, फनफेअरची कुपनं. (कुपनांचं पुस्तक खपलं नाही तर ते घरच्यांनीच घ्यायचं असतं, हे मुलांना तिसरीपर्यंत कळतं.) फी माफीची सोय मात्र हवीच. अर्जासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि फादरांची चिठ्ठी मागा. मंजूर झालेली नावं बाईंना वर्गात मोठ्याने वाचायला सांगा. पुढच्या वर्षी अर्ज आपोआप कमी येतात.

कुणी शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांचं काढलं, तर नुसतं ‘कलम 30’ म्हणा, हलक्या आवाजात. (अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क देणारं घटनेतलं कलम.) सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगून ठेवलंय, की अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, तो कायदा लागूच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींना या निकालाबद्दल शंका आली आणि त्यांनी तो प्रश्न मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांपुढे पाठवला. पण तोवर छत्री आपली. आपल्याच धर्मग्रामातल्या रिक्षावाल्याचा पोरगा तिच्याबाहेर भिजत असेल, तर त्याला घटना काय करणार?

खरी कसोटी अवघड पोरांची. तोंडी सगळं येतं, कागदावर मात्र बी आणि डी उलटे पडतात, अशी. 2016 च्या कायद्याने अध्ययन अक्षमतेला अपंगत्वाच्या यादीत घेतलंय, तेव्हा ‘नाही’ हा शब्द टाळा. ‘मुलाच्याच भल्यासाठी सांगतोय, आमच्याकडे स्पेशल टीचर नाहीत’ एवढं पुरे. हे वाक्य वर्षानुवर्षं टिकतं. टिकावं म्हणूनच असा शिक्षक नेमू नका.

तरी एखादं मूल घुसतंच, कारण केजीत कुणाला कळतं! मग आठवीपर्यंत त्याच्या वहीत ‘निष्काळजी’ असा शेरा देत राहा. सायन किंवा नायर रुग्णालयातून तपासणी होऊन दाखला मिळतो, त्यावर बोर्ड जादा वेळ देतं, लेखनिक देतं, बीजगणित-भूमितीऐवजी सोपं अंकगणित देतं, यातलं काही बोलू नका. आईने धुण्याभांड्याची कामं बुडवून तिथं खेटे घातले आणि दाखला आणलाच, तर तो फायलीत नीट लावा. मग येते नववी. तिथं नापास, पालकांना बोलावणं, खुर्ची, पाण्याचा ग्लास आणि सतरा नंबरचा फॉर्म. मूल बाहेरून दहावीला बसतं, आपला निकाल शंभर टक्के लागतो. गेटवर फ्लेक्स चढतो: डावीकडे मॅनेजर फादर, उजवीकडे गरिबांसाठी शाळा काढणारे संत.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. क्वचित एखादी सिस्टर अशी निघते, की शाळा सुटल्यावर चार-पाच पोरांना घेऊन बसते, ताटात वाळू पसरून बोटाने अक्षरं गिरवून घेते. पोरं वाचायलाही लागतात. मग पालक विचारतात, हे सगळ्यांसाठी का नाही? अशा सिस्टरांची बदली करता येते. निरोप समारंभ थाटात करा.

आणि डिसेंबरात नाताळचं नाटक असतंच, तेव्हा या मुलांना विसरलात असं व्हायला नको. योसेफ, मारिया, गब्रिएल ही कामं पाठांतर चांगलं असलेल्यांना जातात, पण धर्मशाळेच्या मालकाचं काम उरतं. त्याला वाक्य एकच, ‘इथं जागा नाही.’ पोरगा ते चुकणार नाही. आईचं बोट धरून त्याने ते चार शाळांच्या ऑफिसांत ऐकलंय.