मेलेल्या झाडांचा वाफा

गेल्या रविवारी अक्कलकोट रोडला, गावाबाहेरच्या एका नर्सरीत गेले होते. फक्त अडेनियम, निवडुंग आणि तसलीच कमी पाण्याची झाडं. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटेल.

माझं आता ठरलंय, जो नर्सरीवाला विकायची झाडं स्वतःच्या जमिनीत लावून दाखवत नाही, त्याच्याकडून झाड घ्यायचं नाही. गेल्या वर्षी शहरातल्याच एका नर्सरीतून अनंत आणला होता, कळ्यांनी लगडलेला. दोन महिन्यांत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी आपली पाणी कमी-जास्त करत बसले. दोष आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीचा आणि बोअरच्या जड पाण्याचा होता. अनंताला आंबट माती लागते. चुना वाढला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. (कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तो हाच चुना.) त्यात झाड आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेलं, लाल चिकण मातीच्या गोळ्यासकट. हा गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो, वरून ओतलेलं पाणी बाजूने निघून जातं. विकणाऱ्याला हे माहीत नसेल? मला नाही पटत.

अक्कलकोट रोडच्या नर्सरीवाल्या काकांनी रोपं दाखवायच्या आधी बागेत नेलं. भर मे महिना, डोक्यावर ऊन. प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पट्टी, तिच्यावर खिळ्याने कोरलेलं लावल्याचं वर्ष. 2014 च्या अडेनियमचा बुंधा घागरीएवढा. "दाबून बघा," म्हणाले. दगडासारखा लागला. "मऊ लागला की समजायचं आतून कुजलं. थंडीत पानं गाळतंय तेव्हा पाणी बंदच करायचं. लोकं पाणी घालून घालून मारतात ओ ताई."

ज्याला मी आजवर कॅक्टस म्हणत होते तो शेर निघाला, म्हणजे वेगळ्याच कुळातलं झाड. टोचलं की पांढरा चीक येतो (डोळ्याला लागू द्यायचा नाही, आग होते). खऱ्या कॅक्टसचे काटे कापसासारख्या बारीक गादीतून निघतात, आणि ते जवळपास सगळे मूळचे अमेरिकेतले. बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा पाहुणाच! आणि आपली स्वतःची शिंदळ माकुडी (कॅक्टस नव्हे, पण तीही जाड खोडात पाणी साठवणारी), जी फक्त महाराष्ट्रातल्या कड्यांवर उगवते, ती एका कोपऱ्यातल्या कुंडीत होती. विकायला नाही. कड्यावरून उपटून आणलेली रोपं विकणारे असतात, त्यावर काका बराच वेळ बोलले. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यात शेवटी एक वाफा होता, नुसत्या वाळक्या काड्यांचा. पाटी: 'टिकली नाहीत'. एका काडीवर तीन वर्षं कोरलेली. म्हणजे तीनदा लावलं, तीनदा गेलं. त्यात अनंतही होता. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले.

एक छोटं अडेनियम घेतलं. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नको, असं काकांनी दोनदा बजावलंय. आज चौथा दिवस. नळाला पाणी आलंय, बाकी सगळ्या कुंड्या भरल्या, आणि सासूबाई मघापासून तांब्या घेऊन त्याच्याकडे बघतायत.