रीमॅपची ताकद फुकट मिळत नाही

टर्बो पेट्रोल गाड्यांच्या ग्रुपांवर गेली काही वर्षं एक दावा पुन्हापुन्हा फिरतो आहे. शब्द बदलतात, मजकूर तोच राहतो. कंपनीने इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली असते. लॅपटॉप जोडून ‘स्टेज वन’ (पहिल्या पायरीचा) रीमॅप करा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) सेटिंगची फाइल बदला, दोन तासांत तीस-चाळीस हॉर्सपॉवर वाढतात. फक्त सॉफ्टवेअर आहे, एकही भाग बदलत नाही, म्हणून गाडीला धोका नाही. सर्व्हिसिंग नेहमीचंच. आणि कुणाला कळतही नाही.

मी या छंदाच्या बाजूचा माणूस आहे. चांगला रीमॅप केलेली गाडी कशी खेचते ते मला ठाऊक आहे आणि ज्याला तो आनंद हवा त्याने जरूर घ्यावा. पण या दाव्यावर विसंबून नवी मुलं साठवलेले सगळे पैसे रीमॅपमध्ये घालतात आणि त्याच गाडीचे टायर सहा वर्षांचे असतात. हे पाहवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कंपनीने ताकद मुद्दाम दाबलेली असते.’

यातला अर्धा भाग खरा आहे. एकच इंजिन वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. दावा करणारे हटकून फोक्सवॅगन समूहाच्या दोन लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाचं उदाहरण देतात: २०१७ मध्ये भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये ते २३० पीएस (साधारण हॉर्सपॉवरच) देत होतं, त्याच पिढीच्या गोल्फ आरमध्ये ३०० पीएस. मग फरक सॉफ्टवेअरचाच, असा निष्कर्ष. प्रत्यक्षात गोल्फ आरचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) मोठा आहे, पिस्टन वेगळे आहेत, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरही वेगळे आहेत. कंपनीने ताकद वाढवली तेव्हा तिने भाग बदलले.

तरीही प्रत्येक इंजिनात थोडी शिल्लक ठेवलेली असते हे मान्य. ती का ठेवतात ते पाहा. तीच फाइल घेऊन गाडीला विदर्भातल्या मे महिन्यात चालायचं असतं, हायवेवरच्या कुठल्याही पंपाचं पेट्रोल पचवायचं असतं, एअर फिल्टर धुळीने भरला तरी टिकायचं असतं. हवेचं तापमान २५ अंशांवरून ४२ वर गेलं की नुसत्या उष्णतेने ती सुमारे पाच टक्के विरळ होते. तोच बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा आणखी तापते, इंजिन नॉक करायला (मिश्रण अवेळी पेटून ठोके द्यायला) लागतं आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. शिल्लक अशा दिवसांसाठी असते. रीमॅप तीच वापरतो. ती वापरू नये असं मी म्हणत नाही, वापरली आहे हे माहीत असावं एवढंच.

इंधनाचंही तसंच. ९७ किंवा १०० ऑक्टेनच्या (नॉक सहज न होणाऱ्या, महाग) पेट्रोलसाठी केलेली फाइल पुण्या-मुंबईत चालते. पण पुण्याहून निपाणी, आजरा, आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरताना वाटेतल्या प्रत्येक पंपावर ते पेट्रोल मिळेल असं धरून चालू नका. ट्यूनरला (रीमॅप करणाऱ्याला) आधीच विचारा की टाकीत साधं पेट्रोल पडलं तर ही फाइल काय करते. उत्तर नीट देता येत नसेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

‘फक्त सॉफ्टवेअर आहे, भागांना काही होत नाही.’

सगळ्या दाव्यात मला हाच मुद्दा सर्वांत घातक वाटतो. सॉफ्टवेअर बदलतं म्हणजे बूस्ट वाढतो, इग्निशनची वेळ बदलते, इंधन वाढतं. सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तो दाब पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट असा थेट टायरपर्यंत जातो. यातला एकही भाग लॅपटॉपने मजबूत होत नाही.

चाकणमध्ये बनणाऱ्या गाड्यांचंच घ्या. व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया आणि कुशाकमधलं दीड लिटर टीएसआय १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे कोरड्या क्लचचा डीक्यू२००, आणि त्याची क्षमताच २५० न्यूटन-मीटर ठरवलेली आहे. इंजिन कारखान्यातून बाहेर पडतानाच गिअरबॉक्सच्या मर्यादेवर उभं आहे. त्यावर ३०० च्या पुढची फाइल चढवली की जादा भार कोरड्या क्लचने घ्यायचा. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाच्या ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून क्लच किती दाबायचा ते ठरवतो. काही फाइलींत हा आकडा मुद्दाम कमी कळवला जातो, म्हणजे मर्यादा आड येत नाही. मग क्लच पुरेसा दाबला जात नाही, तो घसरतो, तापतो. सिंहगड रोडवरच्या संध्याकाळच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाडीचा क्लच आधीच तापलेला असतो. याच गाड्यांतल्या १.० टीएसआयचा मूळ टॉर्क १७८ न्यूटन-मीटर आहे, तिथे गणित वेगळं. म्हणून ‘माझ्या मित्राच्या गाडीला काही झालं नाही’ हे उत्तर तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही. आधी आपल्या गिअरबॉक्सची मर्यादा काढा, मग आकड्यांकडे वळा.

दुसरी गोष्ट तर ग्रुपवर क्वचितच बोलली जाते. लहान, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन इंजिनावर कमी आरपीएमला मोठा लोड आला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून प्रचंड दाब येतो. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. नेहमीच्या नॉकिंगमध्ये ईसीयू सेन्सरवरून आवाज पकडतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. इथे आग ठिणगीशिवायच लागलेली असते, त्यामुळे ठिणगी उशिरा टाकून काही साधत नाही. एका झटक्यात पिस्टनच्या रिंगा बसतात तो काठ तुटू शकतो. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल आणि पेट्रोल मिसळून उडणारे थेंब हे याचं एक कारण, आणि ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे ते बळावतं. इंजिन ऑइलचं एपीआय एसएन प्लस हे मानक २०१८ मध्ये यासाठीच आलं, २०२० च्या एसपीमध्येही ही चाचणी आहे. घरी कपाटात पडलेला जुना डबा ओतण्याआधी मागचं लेबल वाचा.

भरमसाट पिकअप दाखवण्यासाठी स्वस्त फाइली नेमक्या १,५०० ते २,००० आरपीएमला टॉर्क ओततात, कारण ट्रायल घेताना तोच धक्का पाठीला जाणवतो. चांगला ट्यूनर तिथे हात राखून चढवत नेतो. आणि चालवणाऱ्यानेही सहाव्या गिअरमध्ये १,५०० वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. घाट चढताना एक-दोन गिअर खाली घ्यावेत.

‘तीस-चाळीस हॉर्सपॉवर नक्की.’

कुठल्या डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), चाकांवर मोजले की इंजिनाच्या क्रँकवर हिशेबाने काढले, तापमानाची दुरुस्ती कोणती लावली, पेट्रोल कोणतं होतं? हे चार प्रश्न विचारा. आधीचा आणि नंतरचा आलेख त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गाडीचा असेल तरच फरकाला अर्थ आहे. आणि बिनटर्बो इंजिनात तर एवढी वाढ मिळतच नाही, कारण वाढवायला बूस्टच नसतो.

‘सर्व्हिसिंग नेहमीचंच.’

कंपनीचं वेळापत्रक वर्ष किंवा १५,००० किलोमीटरचं आहे, आणि ते मूळ फाइलसाठी आहे. रीमॅप केलेल्या गाडीचं ऑइल मी याच्या निम्म्या अंतरावर बदलतो. स्पार्क प्लगही लवकर. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि कार्बन साठत राहतो. तो कधीतरी साफ करावाच लागतो. रीमॅपच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची चाचणी) करून आकडे लिहून ठेवा. पुढे काही बिनसलं तर तुलना करायला तेवढंच हाती असतं.

पण सर्वांत दुर्लक्षित राहतात ते ब्रेक. १०० च्या जागी १२० चा वेग असेल तर थांबवायची ऊर्जा ४४ टक्के जास्त असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आता उताराचं गणित करू. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला येईपर्यंत गाडी १,२०० मीटरहून जास्त खाली येते. या उतरणीत गाडीची जितकी ऊर्जा जिरवावी लागते ती १०० च्या वेगावरून तीस वेळा पूर्ण थांबण्याएवढी आहे, मग गाडीचं वजन कितीही असो. यातला काही वाटा हवा आणि इंजिन घेतात, उरलेला सगळा डिस्क आणि पॅडवर येतो. डीएसजी ‘डी’मध्ये ठेवून उतरलं तर इंजिनाचा वाटा कमी होतो. गिअर हाताने खाली धरायला हवा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शिरलेल्यासाठी मानक १५५ अंशांपर्यंत खाली येतं. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. रीमॅपच्या तुलनेत दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदलायचा खर्च किरकोळ आहे. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडेही वाचायला शिका: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर म्हातारं होतं.

माझा क्रम ठरलेला आहे. टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, मग कूलंट आणि त्याचे होज, मग ऑइल आणि प्लग, आणि एवढं झाल्यावर रीमॅप. फोक्सवॅगनने चाकणच्या अमिओवरून शर्यतीसाठी अमिओ कपची गाडी बनवली तेव्हा १.८ टीएसआयच्या २०५ हॉर्सपॉवरसोबत सिक्वेन्शियल (गिअर ओळीने बदलणारा, शर्यतीचा) गिअरबॉक्सही बसवला. ताकद एकटी येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

‘कुणाला कळत नाही.’

कळतं. ईसीयूत फाइल किती वेळा लिहिली गेली याची नोंद राहते. मूळ फाइल परत चढवली तरी तो आकडा मागे जात नाही. फोक्सवॅगन समूहाच्या डीलरने गाडी कंपनीच्या यंत्रणेला जोडली की न जुळणारी फाइल ओळखली जाते आणि गाडीच्या नावावर ‘टीडी१’ ही खूण पडते. त्यानंतर इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा भरवसा सोडावा. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दावा नाकारायला तिला कारण मिळतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आर.सी.वरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. रीमॅप बाहेरून दिसत नाही, पण त्याच्या जोडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकलेला एक्झॉस्ट बसवला तर तो चौकातल्या पोलिसाला ऐकू येतो. आणि धूर तर शेजारीपाजारी सगळेच घेतात. हा एक बदल मी कुणालाच सुचवत नाही.

राहिला तो माणूस जो तुमची गाडी विकत घेणार आहे. मूळ फाइल परत टाकून, ‘एकदम स्टॉक, फॅमिली यूज’ असं लिहून गाडी विकणारे आहेत. गाडी आधी कशी चालवली हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि घसरलेला क्लच त्याच्या पगारातून निघतो. रीमॅप केलेली गाडी विकताना ट्यूनरचं बिल, फाइल चढवल्याची आणि उतरवल्याची तारीख, दोन्ही डायनो आलेख, कॉम्प्रेशनचे आकडे आणि ऑइल बदलांची यादी त्याच्या हातात द्या. किंमत थोडी कमी येईल. ती कमीच यायला हवी.