लॉक राहू द्या, पण सोडवायची वाट हवी

नमस्कार. दान आलेल्या जुन्या फोनचा लॉक काढायची सोय हवी, असं मी म्हटलं होतं. त्यावर ‘लॉकमुळेच माझ्या चोरलेल्या फोनमधले फोटो आणि बँकेचे पैसे वाचले, तोच सैल करायला सांगून तुम्ही चोरांचं काम सोपं करताय’, हा तुमचा आक्षेप मनाला लागला. त्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

लॉकमुळे चोऱ्या घटल्या, हे मान्यच. ॲपलने २०१३ साली ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोन मालकाच्या खात्याशी बांधून ठेवणारा लॉक, आणल्यावर सहा महिन्यांत आयफोनच्या चोऱ्या लंडनमध्ये २४ टक्क्यांनी घटल्याचे आकडे तेव्हा जाहीर झाले होते. तो काढून टाका असं मी म्हणणार नाही.

पण तुमचे फोटो वाचले ते पासकोड आणि एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवल्यामुळे. फोनमधली सगळी माहिती नीट पुसली की एन्क्रिप्शनची किल्लीच नष्ट होते, आत वाचण्याजोगं काही उरत नाही. ॲक्टिव्हेशन लॉकचं खरं काम त्यानंतरचं: पुसलेला, रिकामा फोनसुद्धा जुन्या मालकाच्या पासवर्डशिवाय सुरू होऊ द्यायचा नाही. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

दान आलेली उपकरणं तपासून गरजूंना देण्याचं काम मी करतो. मालकाने स्वखुशीने दिलेला, स्क्रीनवर ओरखडाही नसलेला फोन हातात येतो आणि खात्यातून साइन आउट करायचं राहिलेलं असतं, म्हणजे लॉक तसाच असतो. मालकाचा पत्ता नाही. खरेदीचं बिल दाखवलं तर कंपनी लॉक काढते, पण जुन्या फोनसोबत बिल कोण देतं? मग बॅटरी काढायची आणि चालता बोर्ड भंगारात घालायचा. त्यातून सोनं, तांबं परत मिळतं. चालू प्रोसेसर आणि मेमरी मिळत नाही. फोनच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो बनवतानाच झालेलं असतं, म्हणून हे करताना हात जड होतो.

माझं मागणं असं: आमच्यासारख्या जुने फोन तपासणाऱ्या केंद्राने आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) कंपनीला कळवावा, कंपनीने मालकाला निरोप धाडावा. हरवल्याची नोंद नसेल आणि तीस दिवसांत हरकत आली नाही, तर लॉक काढावा. तुम्ही फोन हरवल्याची नोंद केली असेल, तर तो या वाटेने सुटणारच नाही. ज्याने नोंदच केली नाही, त्याचा चोरलेला फोन मात्र सुटू शकतो. हा धोका खरा आहे, म्हणूनच ही मुभा फक्त नोंदणी आणि तपासणी झालेल्या केंद्रांना हवी, गल्लीतल्या कुणालाही नको.

तोवर एक विनंती. पुढचा जुना फोन देण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन खात्यातून साइन आउट करा आणि मगच तो पुसा.